‘काळीज’, ‘दान’ आणि आईबापांची भाषा

अपत्यास ‘काळजाचा तुकडा’ म्हणण्याची रीत मराठीत जुनी आहे. ‘काळीज’ म्हणजे हृदय असे आपण समजतो. परंतु यकृत हाही त्याचा अर्थ असून मटणाच्या दुकानात तो अद्याप टिकून आहे. पित्तनलिका जन्मतः बंद असलेल्या अर्भकाचे यकृत निकामी झाले, तर आईच्या किंवा बापाच्या यकृताचा लहानसा भाग त्यास बसविता येतो. ब्रिस्बेन येथे १९८९ साली एका आईच्या यकृताचा भाग तिच्या मुलास यशस्वीपणे बसविण्यात आला. दिल्लीत १९९८ साली एका बापाने वीस महिन्यांच्या मुलास तो दिला.

ह्या देण्यास ‘दान’ म्हणण्याचा प्रघात आहे. दानात दात्याने वस्तूवरील आपले स्वत्व सोडावे लागते. आईबापांस ते सुटल्यासारखे वाटतच नाही. ‘माझं त्याला दिलं’ असे ते साधेपणी म्हणतात. ज्याचा रक्तगट जुळत नाही त्याची स्थिती अधिक कठीण. ‘माझं जुळलं नाही’ हे तो अपराध कबूल केल्यासारखे सांगतो, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन दारांपुढे एकट्यानेच बसतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार दात्याची संमती स्वेच्छेची असावी लागते. नकाराची मुभा आहेच; मात्र ती घेतल्यावर घरात कसे वावरावे, हे ज्याचे त्यालाच सोडवावे लागते.

हृदयाची गोष्ट निराळी. ते जिवंत आईबापांस देता येत नाही. आणि लहानग्या छातीत मावणारे हृदय बहुधा दुसऱ्या मुलाचेच असते. ते मूल मेंदूमृत झाल्यावाचून व त्याच्या आईबापांनी होकार दिल्यावाचून ते मिळायचे नाही. वाट पाहणारे हे पुरते जाणतात. त्यामुळे ‘लवकर मिळू दे’ ह्या वाक्यात काय मिळावे, ते त्यांच्याने उच्चारवत नाही. एका आईने ‘फोन यावा’ एवढेच म्हटलेले मी ऐकले आहे. देवापाशी तरी ती काय मागत असेल, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

शस्त्रक्रियेनंतरही शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून औषधे चालू राहतात, बहुधा जन्मभर. शेजारीपाजारी विचारतात, ‘बरी झाली ना?’ आईबाप उत्तर देतात, ‘बरी आहे.’