तार गुंडाळलेली बंदूक

जुन्या लष्करी बंदुकीचा विषय निघाला की लोक आधी नेम आणि पल्ला विचारतात. आज तुमसरच्या मंडळींपुढे आम्ही मांडतोय ती बंदूक आकाशाकडे रोखायची.

पहिल्या महायुद्धात खंदकांमधल्या टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी सारख्या तुटायच्या. मग मागच्या तोफखान्याला ‘मारा सुरू करा’ हे कळवायचं कसं? ठरलेल्या रंगांचे तारे आकाशात सोडून. त्यासाठी संकेत-पिस्तूल होतंच, शिवाय पायदळाच्या बंदुकीवरूनही संकेताचे ग्रेनेड उडवत.

आता मेख बघा. .३०३ ली-एनफिल्डची गोळी जेमतेम ११ ग्रॅमची. हातबॉम्ब पाऊण किलोच्या आसपास. बिनगोळीच्या काडतुसाने एवढं वजन फेकलं की लाकडाला जबर हिसका बसतो, ते चिरतं. काही ग्रेनेडांची दांडी नळीत घालावी लागे, त्याने नळी फुगायची. म्हणून अचूक नेमाला निकामी झालेल्या बंदुका या कामाला लावल्या आणि पुढच्या लाकडावर तार घट्ट गुंडाळली. ईशापूरच्या कारखान्यातल्या बंदुकाही अशा तार गुंडाळून वापरल्या गेल्या. संग्राहक त्यांना या तारेवरूनच ओळखतात. ‘साफसफाई’ म्हणून कोणी ती सोडली, तर बंदुकीचा इतिहासच सुटला म्हणायचा.

पण कुणाच्या माळ्यावर आजोबांची अशी बंदूक असेल तर? १९७२च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांची अट आहे. पहिल्या महायुद्धातली बंदूक त्यात बसते, म्हणून शस्त्र कायद्यातून ती आपोआप सुटत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याची सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. तार गुंडाळलेली बंदूक गोळी झाडू शकते, म्हणजे परवाना हवाच. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाची धरून.

तेव्हा ‘शोभेची आहे’ हे आपणच ठरवू नये. खटका ओढून बघू नये, नळी कापू नये. पोलीस ठाण्यात कळवावं, रीतसर जमा करावी. आजोबा कोणत्या पलटणीत होते, कुठे लढले, हे मात्र आजच लिहून ठेवा.

आणि छंदच जोपासायचा असेल, तर संकेताचे दिवे, झेंडे, हेलिओग्राफचे आरसे आहेत की! त्यांना शस्त्रपरवाना लागत नाही, आणि गोष्ट तीच सांगतात.