‘पर्यंत’ आणि त्याचे इंग्रजी पर्याय

मराठीत शब्दयोगी अव्यय नामानंतर येते, इंग्रजीत नामापूर्वी. हा क्रमभेद आपले विद्यार्थी सहज आत्मसात करतात. खरी अडचण अर्थविभागणीची आहे. उदाहरणादाखल ‘पर्यंत’ घेऊ. ‘प्रबंध सोमवारपर्यंत द्यावा’, ‘ग्रंथालय सोमवारपर्यंत बंद राहील’ आणि ‘आम्ही बुलढाण्याहून चिखलीपर्यंत गेलो’ या तिन्ही वाक्यांत मराठीला एकच अव्यय पुरते. इंग्रजीस मात्र अनुक्रमे ‘बाय’, ‘अंटिल’ व ‘अॅज फार अॅज’ असे तीन पर्याय लागतात.

कालवाचक वाक्यांत निवडीची कसोटी नामात नसून क्रियापदात आहे. मुदतीच्या आत एकदाच घडून संपणारी क्रिया असेल, तर ‘बाय’ योजावे; मुदतीपर्यंत अखंड चालणारी क्रिया वा टिकणारी स्थिती असेल, तर ‘अंटिल’. ‘तो सोमवारपर्यंत येणार नाही’ येथे न येण्याची अवस्था टिकून राहते, म्हणून ‘अंटिल’च योग्य होय.

हा भेद केवळ शैलीचा नव्हे. ‘अर्ज शुक्रवारपर्यंत स्वीकारले जातील’ या सूचनेच्या इंग्रजी रूपात ‘बाय’ लिहिल्यास, अर्ज शुक्रवारच्या आत मंजूर होतील, असा बोध होऊ शकतो. चूक एका अव्ययाची. फसगत मात्र अर्जदाराची.