बल्ब शाबूत, दिवा बंद

गाडीवरच्या सगळ्या दिव्यांत पुढच्या फॉग लॅम्पची जागा सर्वांत वाईट. बंपरचा खालचा कोपरा, गुडघ्याच्याही खाली. पुढच्या वाहनाने उडवलेली खडी समोरून लागते, आपल्याच चाकाने उडवलेलं पाणी मागून शिरतं आणि पार्किंगमधल्या धक्क्यांत पहिला मार त्यालाच. तरी त्याला तिथेच बसवावं लागतं. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. हेडलॅम्पचा अप्पर मारला की उजेड त्या थेंबांवरून उलटा चालकाच्याच डोळ्यांत येतो आणि समोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो. फॉग लॅम्पचा झोत रुंद, पसरट आणि वरच्या कडेला कापलेला असतो. तो खालून निघतो, त्यामुळे डोळ्यांच्या रेषेतलं धुकं फारसं उजळत नाही आणि रस्त्याची कड, साइडपट्टी, मोरीचा कठडा दिसत राहतो. युरोपातल्या नियमांत कारचा फॉग लॅम्प जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटरच्या दरम्यानच बसवावा असं ठरवून दिलं आहे, ते याचसाठी.

दाणोली सोडून आंबोली घाट चढू लागलं की जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारी दिवे लावावे लागतात. आंबोलीची उंची साधारण ६९० मीटर, वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास. अशा रस्त्यावर माझ्या गाडीचा उजवा फॉग लॅम्प बंद होता आणि डावा तांबूस, मरगळलेला. दुसऱ्या गावातल्या एका गॅरेजमध्ये दोन्ही बल्ब आणि रिले बदलून झाले होते. दिवे थोडे दिवस लागले आणि पुन्हा तीच गत. मग सावंतवाडीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव कळलं. त्यांना सगळे मेस्त्री म्हणतात. त्यांचं काम मी शेजारी उभं राहून शेवटपर्यंत पाहिलं.

त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, "दोनय दिवे एकदम गेले, काय एकामागसून एक?" मग, बंपर कधी उतरवला होता का? पावसात जास्त त्रास होतो की खड्ड्यांत? या प्रश्नांनी अर्धा शोध जागेवरच लागतो. दोन्ही दिवे एका क्षणी गेले तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर असतो: फ्यूज, रिले, स्विच किंवा बॅटरीकडून येणारी मुख्य वायर. एकच गेला तर वाट फुटल्यानंतरच्या भागात शोधायचं: बल्ब, कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग), त्या बाजूची अर्थ, म्हणजे करंट परत नेणारी वायर. माझ्या गाडीत दोन दिव्यांची दोन वेगळी लक्षणं होती, म्हणजे दोष दोन असण्याची शक्यता जास्त. बंपर दोन वर्षांपूर्वी डेंटिंगसाठी उतरवला होता, हे ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली.

हाताखालच्या मुलाने पार्किंग लाइट लावून फॉगचा स्विच दाबला. डॅशबोर्डवर हिरवी खूण उमटली. ती पाहून अनेकांची समजूत होते की दिवे लागले आहेत. साध्या गाड्यांत ती खूण फक्त स्विच चालू झाल्याचं सांगते; बंपरमध्ये उजेड पडला की नाही हे तिला ठाऊक नसतं. मेस्त्रींचं बोट मात्र फ्यूज बॉक्समधल्या रिलेवर होतं. टिक असा झटका बोटाला लागला. रिलेच्या चार पायांवर आकडे असतात. ८५ आणि ८६ मध्ये छोटी कॉइल, तिला स्विचकडून थोडा करंट मिळतो. ती ओढली गेली की ३० वर आलेला बॅटरीचा करंट ८७ मधून दिव्यांकडे जातो. झटका लागला याचा अर्थ कॉइल ठीक. आतले पॉइंट जळलेले असू शकतात, म्हणून ८७ वर वेगळं तपासायचं. तिथेही करंट होता. फ्यूज त्यांनी उपसलाच नाही. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघड्या जागा असतात; टेस्ट लॅम्पचं टोक आधी एकीवर, मग दुसरीवर टेकवलं. दोन्हीकडे लागला. फ्यूज निळा, म्हणजे १५ अँपिअरचा, योग्य तोच. इथे ते जरा थांबून बोलले. फ्यूज वारंवार उडतो म्हणून लोक पिवळा २० चा घालतात, काही जण चंदेरी कागद गुंडाळतात. "फ्यूज वायरीसाठी आसता, दिव्यासाठी नाय." शॉर्ट शोधायचा असेल तेव्हा ते फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडतात. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण तेजाने जळतो, शॉर्ट सुटला की मंदावतो किंवा विझतो. तपासणीत एकही फ्यूज वाया जात नाही आणि वायरही तापून वितळत नाही.

आता दिव्यापर्यंत पोचायचं होतं. बंपर न उतरवता स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं, चाकाच्या वरच्या प्लॅस्टिक अस्तराचे पुढचे क्लिप आणि स्क्रू काढले, अस्तर वाकवून हात आत घातला. बल्ब पाव फेरा फिरवून बाहेर आला. एच११, १२ व्होल्ट, ५५ वॅट. फिलामेंट शाबूत. त्यांनी तो फक्त बुडाच्या प्लॅस्टिकला धरला. हॅलोजनच्या काचेला बोटांचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. एच८ हा ३५ वॅटचा बल्ब दिसायला अगदी असाच असतो. फरक बुडाच्या खाचांत असतो, चुकीचा बल्ब बसूच नये म्हणून. त्या खाचा कानशीने घासून ३५ च्या जागी ५५ वॅटचा बल्ब बसवणारे आहेत. वाढलेल्या उष्णतेने मग आतला रिफ्लेक्टर काळवंडतो.

यानंतर जे पाहिलं त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. डाव्या दिव्याच्या मोकळ्या कपलरला मल्टिमीटर लावला. १२.४ व्होल्ट. कुणीही म्हणेल, करंट येतोय, बल्बच खराब. मेस्त्रींनी मीटर खाली ठेवला आणि स्वतः बनवलेला टेस्ट लॅम्प घेतला: दोन वायरींना झाळलेला तोच २१ वॅटचा बल्ब. कपलरला जोडल्यावर तो मंद, तांबूस पेटला, त्यापुढे नाही. "मीटर बारा दाखयता, पण वायरीकडसून काम करून घेणा नाय." मीटर वाचन घेताना नगण्य करंट ओढतो. दहा-वीस तारांपैकी एकच तार गंजून कशीबशी टेकलेली असली तरी तिच्यातून मीटरपुरता करंट सहज येतो आणि आकडा पूर्ण दिसतो. ५५ वॅटच्या बल्बला साडेचार अँपिअर लागतात. तेवढा मागितला की ती तार उघडी पडते. तापलेल्या फिलामेंटचा स्वतःचा रोध साधारण अडीच ओहम असतो. वाटेत एक ओहम जरी गंजाने उभा केला, तरी व्होल्टेजचा बराच मोठा वाटा तिथेच खर्च होतो. हॅलोजनच्या बाबतीत हे जास्त जाचक आहे, कारण व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो.

जाणाऱ्या वाटेत दोष की परतीच्या, हे कळायला एक वायर पुरली. टेस्ट लॅम्पचं काळं टोक कपलरमधून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर धरलं आणि बल्ब लख्ख पेटला. म्हणजे येणारा करंट उत्तम, अर्थ बिघडलेली. खात्रीसाठी फॉग लॅम्प जोडून चालू ठेवला आणि मीटरची एक पिन दिव्याच्या अर्थ वायरला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. इथे शून्याच्या जवळ आकडा हवा, फार तर ०.२ व्होल्ट. मीटरवर चारच्या वर होता. चालू दिव्यावर घेतलेलं हे एक वाचन बंद कपलरवरच्या दहा वाचनांपेक्षा मोलाचं आहे.

काळी वायर हेडलॅम्पच्या मागे बॉडीवर एका बोल्टने आवळलेली होती. डेंटिंगनंतर रंग मारताना त्या जागेवरही रंग बसला होता आणि त्यावर वायरच्या टोकाचा लग आवळला होता. धातूला धातू टेकलेलाच नव्हता. बोल्टच्या आट्यांतून जेवढी वाट मिळाली तेवढ्यावर दिवा चालत आला. पुढे कोकणातल्या खाऱ्या दमट हवेने त्या आट्याही गंजवल्या. मेस्त्रींनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला. वायरचं टोक कापलं तर आत तांबं काळं, पुन्हा कापलं तरी काळं. लालसर तांबं दिसेपर्यंत ते मागे मागे गेले, मग नवा लग दाबून बसवला, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नाही. डावा दिवा पांढरा झाला.

उजव्या कपलरला मात्र करंटच नव्हता. वायरला सुई टोचत शोध घेणारे बरेच असतात. मेस्त्री टोचत नाहीत, कारण त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं आणि नवा दोष जन्माला येतो. टेस्ट लॅम्प जोडून ठेवला आणि वायरिंग बोटभर अंतराने हलवत गेले. बंपरच्या ब्रॅकेटपाशी लॅम्प क्षणभर लुकलुकला. तिथली वायर त्यांनी मला चिमटीत धरून वाकवायला सांगितली. आजूबाजूला ती ताठ होती, नेमकी तिथे लोळागोळा. आवरण वरून धड, आत तांब्याची हिरवट भुकटी. "आतसून सडलीहा." बंपर परत बसवताना वायर ब्रॅकेटखाली चेपली होती, आवरणाला बारीक चीर पडली होती. आधीच्या गॅरेजमध्ये बल्ब बदलताना वायर हलली, उरल्यासुरल्या तारा टेकल्या आणि दिवा काही दिवस लागला. दोष तिथेच राहिला. त्यांनी खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर जोडली, सांधे झाळले, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवली. नुसती टेप इथे टिकत नाही. इंजिनच्या उष्णतेने तिचा गोंद सुटतो. वायर ब्रॅकेटपासून दूर क्लिपने बांधली. लागलेली मजुरी एका नव्या फॉग लॅम्पच्या किमतीपेक्षा कमी होती.

सगळ्या गाड्यांत हे असंच चालत नाही. नव्या गाड्यांत स्विच आणि दिव्यामध्ये संगणक बसलेला असतो, तिथे आधी स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो आणि टेस्ट लॅम्प कुठे लावायचा हे सर्किट पाहूनच ठरवावं लागतं. पण संगणकापासून पुढची वायर, कपलर आणि अर्थ गंजतात त्या जुन्याच पद्धतीने.

एलईडीचंही सांगायला हवं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. त्यात बाजारातला एलईडी बल्ब घुसवला की उजेडाचा उगम बदलतो, झोताची वरची कड विस्कटते आणि घाटात समोरच्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात. पिवळा उजेड धुकं भेदतो हेही खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. काहींच्या डोळ्यांना पिवळा सौम्य वाटतो, तेवढं नक्की. फरक पडतो तो झोताच्या आकाराने आणि रोखाने. म्हणून अस्तर बसवल्यावर मेस्त्रींनी गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर सपाट जागी उभी केली, दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर मारली आणि झोताची वरची कड त्या रेषेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवला. दोन्ही दिव्यांचा. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बल्ब बदलणारे बरेच भेटतात. दोष कुठे आहे ते सिद्ध करून मगच पान्याला हात घालणारे कमी, आणि पैसे द्यावेत ते अशांना.

पावसाळा लागण्याआधी एका संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा आणि फॉग लॅम्प लावून खाली उतरून पाहा. एक दिवा दुसऱ्यापेक्षा तांबूस दिसला, तर नवा बल्ब घेण्याआधी त्याची अर्थ चालू दिव्यावर तपासून घ्या. काचेवर हलकी वाफ असेल आणि दिवा लावल्यावर ती जात असेल तर काळजी नाही. पाणी साचलं असेल तर सील गेलं आहे, पण मागचं हवेचं भोक सिलिकॉनने बुजवू नका. आणि घाट उतरून धुकं संपलं की हे दिवे बंद करा. ओल्या डांबरावरून उसळणारा त्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.