पानाचा हिरवा रंग आणि आपल्या अंगातले रक्त



हिरवे सत्त्व रक्त वाढवते असे सांगून बाटल्या विकल्या जातात. आयाबाया आम्हाला विचारतात, घ्यावी का? उत्तर देण्याआधी पानातला हिरवा रंग काय काम करतो ते समजून घेऊ.

हा रंग हरितद्रव्याचा असतो. सूर्यप्रकाशात सात रंग असतात. त्यातला तांबडा आणि निळा प्रकाश हरितद्रव्य जास्त शोषून घेते. हिरवा त्या मानाने कमी शोषला जातो, तो परत फिरतो, म्हणून पान हिरवे दिसते. पानात या द्रव्याचे शेकडो रेणू मिळून प्रकाशाची ऊर्जा गोळा करतात आणि एका केंद्राकडे पोचवतात. त्या ऊर्जेवर पाणी फुटते, प्राणवायू बाहेर पडतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार होते. आपली भाकरी याच कामातून येते.

हरितद्रव्याला मदतनीसही असतात. कॅरोटीनसारखी पिवळी-केशरी द्रव्ये निळा प्रकाश पकडून हरितद्रव्याला देतात आणि कडक उन्हात पानाचे रक्षण करतात. हिरव्या रंगाखाली ती झाकलेली असतात. विहाराच्या अंगणातला बोधिवृक्ष, म्हणजे आपला पिंपळ, पाहा. त्याचे पान गळण्याआधी हरितद्रव्य मोडते आणि पिवळा रंग उघडा पडतो. तो आधीपासून तिथेच होता.

आता रक्ताचे पाहू. हरितद्रव्य आणि रक्तातले हिमोग्लोबिन यांच्या रेणूंची घडण काहीशी सारखी आहे. पण हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते आणि हिमोग्लोबिनमध्ये लोह. हिरवा रंग प्यायला म्हणून त्याचे रक्त होत नाही. त्या बाटलीवर पैसे घालवू नका.

पालेभाजी मात्र सोडू नका. तिच्यातल्या कॅरोटीनपासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते. ते कमी पडले की मुलांना संध्याकाळी नीट दिसत नाही, रातांधळेपणा येतो. शेवग्याचा पाला, माठ, मुळ्याचा पाला, कोथिंबीर यांत कॅरोटीन भरपूर असते. भाजी थोड्या तेलात परतावी, कारण कॅरोटीन तेलासोबत अंगी लागते. बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मिळणारे अ जीवनसत्त्वाचे डोस चुकवू नका.

पालेभाजीत लोहही असते, पण ते शरीरात कमी शोषले जाते. म्हणून वर लिंबू पिळा आणि जेवणासोबत चहा घेऊ नका. मटण, सुकट खात असाल तर त्यातले लोह अधिक सहज अंगी लागते. धाप लागणे, चक्कर, फिकट डोळे दिसले तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. ही तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गरोदर बहिणींनी गोळ्या मध्येच थांबवू नयेत.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. औषधाची बाटली घेतानाही तेच करू या.