जुन्या जीपचा मागचा ॲक्सल कसा ओळखायचा, आणि बदलायचा तर नेमकं काय?

कराडहून पाटणच्या खोऱ्यात, साताऱ्याहून मेढ्याकडे, शिराळ्याहून वर डोंगरातल्या गावांना. जिथे एसटी दिवसातून एखाद-दोनदा जायची, तिथे वडापच्या जीपनं वर्षानुवर्षं माणसं, पोती आणि दुधाचे कॅन वाहिले. त्यातल्या बऱ्याच महिंद्रा जीप आता वडापातून सुटल्या आहेत. काही शेतावर आहेत, काही हौशी तरुणांनी घेऊन रंगवल्या आहेत.

अशी जीप घेताना इंजिनचा आवाज ऐकला जातो, पत्रा ठोकून बघितला जातो, टायर पाहिले जातात. मागच्या ॲक्सलखाली वाकून फारसं कुणी बघत नाही. घाट उतरताना मात्र सगळी भिस्त त्याच्यावरच असते.

आरसी बुक हे सांगत नाही

आरसी बुकात इंजिन नंबर, चॅसी नंबर, मॉडेल असतं. मागे कोणता ॲक्सल आहे, त्याचा रेशो किती, हे नसतं. वडापात चालणारी गाडी उभी ठेवणं परवडत नाही. क्राऊन-पिनियन गेलं की भंगारातून जे मिळेल ते बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी धंद्यावर, हाच रिवाज. त्यामुळे मॉडेलवरून ॲक्सल ठरवायला गेलं तर फसगत होते.

विलीज घराण्यातल्या जीपला मागे बहुतेक वेळा 'डाना 44' जातीचा ॲक्सल असतो. मधल्या गोळ्याच्या मागचं झाकण दहा बोल्टचं असतं. पण पुढच्या, लहान ॲक्सललाही दहाच बोल्ट असतात, म्हणून नुसते बोल्ट मोजून भागत नाही. माती आणि ऑइलचा थर खरवडून हाउजिंगवर ओतीव आकडा आहे का ते बघावं लागतं.

चाकाच्या मधोमध बघा

त्याहून महत्त्वाची ओळख चाकाच्या मध्यभागी असते. तिथली टोपी काढल्यावर मोठा नट आणि त्यात घातलेली पिन दिसली, तर तो टेपर शाफ्ट. शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि त्यावर हब एका छोट्या चावीनं अडकवलेला असतो. नट नसून नुसतीच सपाट चकती असेल तर तो फ्लँज शाफ्ट. आणि हब चाकाच्या बाहेर डोकावत असेल, त्यावर गोलाकार बोल्ट असतील, तर तो फुल-फ्लोटिंग.

पहिल्या दोन्ही प्रकारांना सेमी-फ्लोटिंग म्हणतात. यात शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हाउजिंगवरच्या बेअरिंगवर जातं, शाफ्टकडे फक्त फिरवण्याचं काम उरतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागे फुल-फ्लोटिंगच होता. नागरी वापराची सीजे मालिका आल्यावर थोड्याच काळात त्याची जागा सेमी-फ्लोटिंगनं घेतली.

समजा, कुंभार्ली घाटात भरलेल्या जीपचा टेपर शाफ्ट हबजवळ तुटला. चाक ड्रमसकट बाहेर येतं. ड्रम गेला की व्हील सिलिंडरचे पिस्टन सुटतात, ऑइल सांडतं आणि एकाच सर्किटचा जुना ब्रेक चारही चाकांवरून जातो. मग हँडब्रेक? या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टला धरतो. एका बाजूचा शाफ्ट तुटलेला असेल तर डिफरन्शियल ती बाजू मोकळी फिरू देतो. म्हणजे हँडब्रेक आणि गिअरची रोख, दोन्ही निकामी. फोर-व्हील घातलेलं असेल तर पुढची चाकं धरतात, पण वडापाच्या पुष्कळ गाड्या टू-व्हील ड्राइव्हच होत्या.

रेशो मोजायचा कसा?

क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, म्हणजे रेशो. 43 आणि 8 असतील तर 5.38, 39 आणि 8 असतील तर 4.88, 47 आणि 11 असतील तर 4.27. झाकण उघडलं तर क्राऊनच्या कडेवर बहुधा हे आकडे कोरलेले सापडतात.

न उघडताही मोजता येतं. सपाट जागा हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावायचे. हे चुकवू नका, कारण मागचं एक चाक उचललं की वर सांगितलेल्या कारणानं हँडब्रेक ओढलेला असला तरी गाडी घरंगळू शकते. मग मागचं एकच चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, फोर-व्हील काढलेलं. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करायची आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं. दुसरं चाक जमिनीवर असल्यानं क्राऊनचा एकच फेरा होतो. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फिरला, तोच रेशो. पाचला थोडा कमी म्हणजे 4.88, सव्वाचारच्या आसपास म्हणजे 4.27.

5.38 की 4.27?

याचं उत्तर गाडी कुठे चालणार यावर आहे. चाकाचा एक फेरा साधारण 2.2 मीटरचा धरला, तर ताशी 80 किलोमीटरला टॉप गिअरमध्ये 5.38 रेशोवर इंजिन मिनिटाला सुमारे 3,260 फेरे घेतं. 4.27 वर तेच सुमारे 2,590. सातारा ते कराड हायवेनं रोज ये-जा असेल तर हा फरक कानाला आणि डिझेलला कळतो. पण यवतेश्वरचा चढ किंवा उसाच्या फडातली ओली वाट असेल, तर जुना 5.38 च बरा. ओढ कमी करून घ्यायची आणि मग क्लच जाळत बसायचं, यात शहाणपण नाही.

डाना 44 मध्ये हे तिन्ही रेशो एकाच केजवर बसतात. 3.73 किंवा त्याखाली गेलं तर केजही बदलावा लागतो. क्राऊन आणि पिनियन कायम जोडीनंच घ्यायचं, कारण एकाचे दात दुसऱ्याशी घासून जुळवलेले असतात. बसवताना दोहोंमधली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजून शिम घालावे लागतात. डायल गेज नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नये, मग मिस्त्री कितीही जुना असो.

फोर-व्हील जीपला पुढचा रेशोही तोच ठेवावा लागतो, नाहीतर फोर-व्हील घातल्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात. शिवाय स्पीडोमीटर चुकतो. 5.38 काढून 4.27 बसवला तर खऱ्या 80 ला काटा 63-64 दाखवतो.

खर्च आधी कशावर?

रेशो ही सोयीची गोष्ट आहे. घाटात राहणाऱ्या माणसानं पहिला पैसा चाकाच्या टोकाशी घालावा. फुल-फ्लोटिंग बसवला तर शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं आणि पायातला ब्रेक शाबूत राहतो. हँडब्रेक मात्र तेव्हाही जातोच. त्यामुळे सोबत दोन सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर बसवलेला चांगला.

तेवढं बजेट नसेल तर आहे तो टेपर शाफ्ट नीट ठेवता येतो. हब काढून चावी आणि चावीची खाच तपासायची, शाफ्टवर केसासारखी भेग आहे का बघायचं, नट टॉर्क रेंचनं आवळून पिन नवी घालायची. ड्रमच्या आत ऑइल दिसलं तर सील गेलं आहे, आणि ब्रेक लायनर भिजलं की त्या चाकाचा ब्रेक लागत नाही. ही तपासणी एका दिवसाची आहे.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. खराब भागाच्या जागी त्याच मॉडेलचा तसाच भाग बसवणं ही दुरुस्ती झाली. दुसऱ्या गाडीचा, वेगळ्या रुंदीचा ॲक्सल बसवणं हा बदल ठरू शकतो. त्यामुळे असं काम काढण्याआधी आपल्या आरटीओत, म्हणजे एमएच 11 ला साताऱ्यात, एमएच 50 ला कराडला आणि एमएच 10 ला सांगलीत, लेखी विचारून घ्यावं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावीच लागते, आणि तेव्हा निरीक्षक खाली वाकून बघू शकतो.