ब्राउझरची चिन्हं गोलच का?

क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ऑपेरा: सगळ्यांची चिन्हं गोलाकार. ही नुसती नक्कल म्हणावी, तर सुरुवातीकडे पाहायला हवं. १९९३च्या मोझॅक या ब्राउझरच्या चिन्हातच पृथ्वीचा गोल होता. वेब म्हणजे जगभर फिरणं, ही कल्पना तिथेच रुजली. मग नेटस्केप नॅव्हिगेटरने जहाजाचं सुकाणूचक्र घेतलं, सफारीने २००३मध्ये होकायंत्र. फायरफॉक्सच्या कोल्ह्याने तर निळ्या पृथ्वीलाच विळखा घातला. आज खंड पुसले जाऊन जांभळा गोळा तेवढा उरलाय. म्हणजे अर्थ झिजला, आकार टिकला.

छोट्या पडद्यावर गोल उठून दिसतो म्हणून तो आला, असा आक्षेप घेता येईल. पण तसं असतं तर मेलचा लिफाफा आणि कॅमेराही गोल झाले असते. आयफोनवर चिन्हाची चौकट चौकोनी असते, तरी सफारीचं होकायंत्र तिच्यात गोलच राहतं. २००८मध्ये आलेल्या क्रोमच्या चिन्हात पृथ्वी नाही, होकायंत्रही नाही. तोवर गोल म्हणजे ब्राउझर हे डोळ्यांना सवयीचं झालं होतं, आणि नवख्याला ती ओळख फुकटात मिळाली. ब्रेव्ह या ब्राउझरचा सिंह मात्र या रांगेत बसत नाही. स्वतःला वेगळं म्हणवणाऱ्याला ते सोयीचंच!