एकाच चौकटीतलं वर्षभराचं जंगल

विदर्भातल्या जंगलाचे फोटो म्हणजे बहुतेकदा एप्रिल-मेमधले वाघाचे फोटो. झाडोरा विरळ झालेला, पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरलेलं; वाघ दिसायला हेच दिवस चांगले. पण ताडोबा, पेंच किंवा मेळघाटातलं सागाचं जंगल समजून घ्यायचं, तर एकाच जागेवरून, एकाच चौकटीत वर्षभर घेतलेले फोटो जास्त सांगतात. युरोपातली पानगळ दिवस लहान होऊन थंडी वाढते तशी होते; इथली होते ती पाण्याच्या ओढीमुळे. ऑक्टोबरात पाऊस थांबला की जमिनीतली ओल उतरू लागते, पानांवाटे उडून जाणारं पाणी झाडाला परवडेनासं होतं आणि हिवाळा सरताना साग पानं टाकतो. पण सगळी झाडं एका वेळी तसं करत नाहीत. पानं झडलेला पळस फेब्रुवारी-मार्चात फुलतो, त्याच सुमारास कुसुमाला तांबडी पालवी फुटते, मोहाची फुलं टपकू लागतात. बहावा ऐन उन्हाळ्यात, तर साग थेट पावसाळ्यात फुलतो. म्हणजे मार्चच्या एकाच फोटोत पानगळही असते आणि पालवीही. कोणतं झाड काय आवरतंय आणि कोणतं काय सुरू करतंय, हे कळायला आधीचे-नंतरचे महिने शेजारी ठेवावे लागतात.

यावर पहिला आक्षेप असा, की ही नुसती नोंद झाली, यात कला कुठे? तर कला चौकट निवडण्यात आहे. साग, कुसुम, पळस आणि थोडं आकाश एकत्र येईल अशी जागा शोधायलाच खरी नजर लागते. पुढे लेन्स, उंची आणि दिवसाची वेळ शक्यतो तीच ठेवावी. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर सोडला, तर कॅमेरा रंग आपल्या हिशेबाने सावरतो आणि पालवीची तांबूस छटा फिकी पडू शकते, म्हणून तो ‘डेलाइट’वर कायम ठेवावा. दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे: पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पांचा कोअर भाग पर्यटकांना बंद असतो, मग वर्षाची मालिका पुरी कशी होणार? पण सागाला, पळसाला कोअरची हद्द ठाऊक नाही. जंगलाला लागून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरूनही हीच झाडं दिसतात, आणि तिथे सफारीचं बुकिंग लागत नाही. तेव्हा येत्या ऑक्टोबरात अशी एक जागा ठरवा आणि दर महिन्याला तिथे परत जा.